डाव्या बाजूचा उंचवटा

“गाठ,” ती म्हणाली. विचारल्याबरोबर म्हणाली, जरा जोरातच म्हणाली, आणि आपलं काहीतरी चुकलंय हे तिला खोलीतल्या शांततेवरून कळलं. दिवे मालवलेली खोली, ओळीने मांडलेले मॉनिटर आणि मधल्या मोठ्या मॉनिटरवर कुणा अनोळखी माणसाच्या पोटाचं सीटी स्कॅन. आडवे छेद, चकत्या-चकत्या करून वरून खाली सरकवत बघायचे. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका खुर्च्या पुढे ओढून बसलेला आणि सर सगळ्यांच्या पाठीशी उभे, हातात निवलेल्या कॉफीचा मग. “कुठेय?” त्यांनी विचारलं. “डाव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर. फुगवटा आलाय.” “फुगवटा मलाही दिसतोय. गाठ कुठेय?” शेजारी बसलेला लंबू टेबलाखालून तिचा पाय दाबत होता, म्हणजे बाई आता गप्प बस. पण ती कसली गप्प बसतेय. “सर, फुगवटा म्हणजेच ना...” “म्हणजेच काय? रंग बघ त्याचा. शिरेतून औषध दिल्यावर बाकीचं मूत्रपिंड जितकं उजळलं, तितकाच हा उजळलाय. कड बघ, कुठे तुटलीय? शेजारी बघ, कुणाला ढकलतोय का? उलट यालाच ढकललंय. वर प्लीहा बसलीय बघ, कशी ऐसपैस. आईच्या पोटात असताना तिने याला वरून दाबलं, हा बिचारा खालच्या अंगाने बाहेर आला. चांगल्या धडधाकट माणसांत सापडतो. उंटाच्या पाठीवरून नाव पडलंय त्याला. उंटाला गाठ आलीय असं म्हणतं का कुणी?” सगळे हसले. तीही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण उजव्या हाताने स्वतःची डावी कूस घट्ट धरून बसलो आहोत, आणि ती पकड काही केल्या सुटत नाहीये.

या सरांना पाठीमागे सगळे नॉर्मलबुवा म्हणत. कारण त्यांची शिकवायची तऱ्हाच अशी. बाकीच्या विभागांत नवी पोरं आल्या दिवसापासून तुटलेली हाडं नि सुजलेले मेंदू बघत आणि घरी जाऊन फुशारक्या मारत. यांच्याकडे पहिले कित्येक महिने फक्त निरोगी माणसांची स्कॅन. “आजार काय, कुणालाही दिसतो,” ते म्हणत, “तो बोंबलतच असतो. जे बोंबलत नाही ते बघायला शिका.” आणि बघायचं म्हणजे मोठ्याने सांगायचं, एकेक अवयव नाव घेऊन, आकार, कडा, रंग, शेजारी. सगळं सांगून झाल्याशिवाय ‘नॉर्मल’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नाही. आणि “बाकी सगळं ठीक आहे, सर” असं जो म्हणेल त्याने अख्ख्या खोलीला कॉफी पाजायची. लंबूचं निम्मं विद्यावेतन या कॉफीत बुडालं होतं. तिच्यावर मात्र ही पाळी कधी आली नव्हती. ती हुशार होती, चिकाटीची होती, आणि निरोगी शरीर वाचताना तिला इतरांसारखा कंटाळा येत नसे. उलट एक प्रकारची भूक लागे. श्रीमंत घराच्या खिडकीतून आत बघत उभं राहावं तसं ती ही न बोंबलणारी पोटं बघत उभी राही. महाधमनी मणक्यांच्या पुढ्यातून खाली येते आणि बेंबीच्या सुमाराला दुभंगते, स्वादुपिंड आडवं पसरून प्लीहेच्या दाराशी जाऊन थांबतं, सगळं कसं जागच्या जागी. या लोकांना ठाऊकही नसतं, ती म्हणे मनाशी, आणि कुठेतरी हेवा सळसळे.

कारण तिच्या पोटात गाठ होती. म्हणजे आहे, असं ती दहा वर्षांची असल्यापासून घरात धरून चालले होते. पोट दुखतं म्हणून आई तिला सोनोग्राफीला घेऊन गेली होती. पोटावर गारगार लिबलिबीत काहीतरी, वर फिरणारा हात, आणि तो हात डाव्या कुशीवर एकदम थांबला, मागे गेला, पुन्हा आला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी तिला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा चांगली आठवते. “इथे काहीतरी आहे,” ते आईला म्हणाले. “सध्या काही करायला नको. लक्ष ठेवा.” पुढचा पेशंट आत आलासुद्धा. पोटदुखी दुसऱ्या दिवशी आपोआप गेली, पण ते दोन शब्द घरात राहायला आले ते आलेच. आई रेल्वे स्थानकात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर कामाला. लोकांच्या छत्र्या, बॅगा, कवळ्यासुद्धा वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळणारी बाई. तिला कुणी ‘लक्ष ठेवा’ म्हणावं, म्हणजे काय विचारता. शाळेत खेळाच्या तासाला सुट्टी. पोरी पळायच्या आणि ही बाकावर त्यांचे चष्मे नि घड्याळं सांभाळत बसायची. दप्तर नेहमी उजव्या खांद्यावर. बसमध्ये डावी बाजू खिडकीला, कुणाचं कोपर लागायला नको. वडील होते तोवर ते एकदा वैतागून म्हणाले होते, “अगं पोरगी आहे ती, काचेचं सामान नाही,” तर आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आणि रोज संध्याकाळी, इतर आया जेवलीस का म्हणून विचारतात तसं, आई विचारी, “डावीकडे काही?” आणि ती म्हणे, “काही नाही.” तीन वर्षांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा हात फिरवला आणि म्हणाले, वाढ नाही, तेवढंच आहे. आईने त्यात आपल्या राखणीचं यश पाहिलं आणि पहारा आणखी वाढवला.

मोठेपणी तरी तिने बघून घ्यायला हवं होतं, तुम्ही म्हणाल. ती डॉक्टर झाली, दहा मिनिटांचं तर काम. पण तिथेच तर गोम होती. न बघितलेली गाठ एका जागी गुमान बसून होती, बघितली की ती काहीतरी होणार, तिला नाव पडणार, आणि नावाला उपाय असतो किंवा नसतो. शिकत असताना पोरं-पोरी एकमेकांच्या पोटावर सोनोग्राफीचा हात बसवायची. ती कधी कोचावर आडवी झाली नाही. “मला गुदगुल्या होतात,” म्हणायची आणि यंत्र नेहमी स्वतःच्या हातात ठेवायची. त्या दिवसांत एक जण तिच्यावर जीव लावून होता, भला माणूस, तिच्यासाठी ग्रंथालयात जागा धरून ठेवणारा. त्याला तिने काही न सांगता तोडून टाकलं. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. आणि पुढे विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने हा निवडला, जिथे डॉक्टर काचेच्या अलीकडे बसतो आणि आडवा होणारा माणूस नेहमी दुसरा असतो. आईला वाटलं, पोरगी आपल्या आजाराचा छडा लावायला निघाली. तिने आईला तसं वाटू दिलं.

त्या दिवशी ती चालतच घरी निघाली. रस्त्यावर ऑफिसं सुटलेली, माणसं समोरून येत होती, आणि वर्षभराच्या सवयीने तिला त्यांचे कोट नि सदरे दिसतच नव्हते, आतलं दिसत होतं. त्या जाड्या गृहस्थाची चरबी, सीटीवर काळी दिसणारी. या काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याची आत आक्रसलेली मूत्रपिंडं. यांतल्या किती जणांत तो उंचवटा असेल आणि ते बिनदिक्कत भाजी निवडतायत, भांडतायत, बस पकडायला धावतायत. चांगल्या धडधाकट माणसांत सापडतो. हे वाक्य तिला सुखाचं वाटायला हवं होतं, पण तिला आला तो राग. आणि रागाच्या खाली भीती होतीच. कारण जगातला प्रत्येक फुगवटा काही उंटाच्या पाठीवरचा नसतो, हेही ती शिकलीच होती. आपला तसाच असेल तर एवढं आयुष्य आपण बाकावर का बसून काढलं? आणि तसा नसेल तर आज जी आशा उगाच वर तोंड काढून बघतेय तिचं काय करायचं? दोन्हीकडून मरण. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, उजव्या खांद्यावर बॅग, डावा हात कोपरातून वाकवून अंगाशी धरलेला. हे ध्यान कुणाचं, असं क्षणभर वाटावं इतकी ती चमकली. तिने हात मुद्दाम खाली सोडला. तो तिला लोंबकळल्यासारखा वाटत राहिला, आणि पुढच्या चौकापर्यंत पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला होता.

“डावीकडे काही?” आईने कपड्यांच्या घड्यांचा ढीग लावता लावता विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण उत्तर दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्मलबुवांनी तिला बाजूला घेतलं. ओरडायला नव्हे. “एक सांगू?” ते म्हणाले. “तुझं वाचन चांगलं आहे. पण डावं मूत्रपिंड तू सगळ्यात शेवटी सांगतेस. दर वेळी. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, उजवं मूत्रपिंड, आतडी, मूत्राशय, आणि मग वळून डावं. अगं, ते उजव्यापेक्षा थोडं वर असतं. वरून खाली येताना आधी तेच भेटतं. तू त्याला ओलांडून पुढे जातेस.” आपण ओलांडतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. “ज्याला आपण ओलांडतो ना, तिथेच आपण चुकतो,” सर म्हणाले. “काल चुकलीस तशी.” आणि ते आपला कॉफीचा मग घेऊन निघून गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण तिला वाटलं की आपल्याला भर चौकात कुणी नावाने हाक मारली.

विभागात नवीन एमआरआय यंत्र आलं होतं, आणि ते जुळवायला रोज एक निरोगी माणूस लागे. खात्यातलीच मंडळी पाळीपाळीने आत झोपत. नाव न लिहिता ती चित्रं सरांच्या निरोगी संग्रहात जात. तिने आजवर आपली पाळी लंबूच्या गळ्यात मारली होती. लंबूच्या पोटाचा कोपरान् कोपरा खात्याला पाठ झाला होता. “आज मी जाते,” ती म्हणाली तेव्हा लंबूने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘श्वासधरा’ म्हणत, कारण दिवसभर त्या तेवढंच सांगत, श्वास घ्या, सोडा, आता धरा. घड्याळ काढा, कानातलं काढा, असं करत त्यांनी तिला फळीवर आडवी केली, पोटावर जाडसर पट्टा बांधला, हातात रबरी चेंडू दिला, घाबरलात तर दाबा. फळी सरकत आत गेली. छत नाकापासून वीतभर. इतकी माणसं तिने काचेपलीकडून या बोगद्यात जाताना पाहिली होती, आणि कुणाच्याही बाबतीत तिला हे सुचलं नव्हतं की आत गेल्यावर माणूस इतका एकटा असतो. मग ठोके सुरू झाले. धाड धाड धाड, पाइपवर हातोडी मारल्यागत, मग किरकिर, मग पुन्हा धाडधाड. “श्वास धरा.” तिने धरला. आपण फार लहानपणापासून तेवढंच करतोय, तिला वाटलं, आणि हसू आलं, आणि हसू आल्यामुळे ते चित्र हललं नि बिघडलं. “ओ डॉक्टर,” श्वासधरा कानात म्हणाल्या, “हसायचं घरी जाऊन.” डाव्या कुशीत ऊब जाणवत होती. ती सगळ्यांनाच जाणवते, यंत्रच तसं आहे, तिनेच कितीतरी जणांना समजावलं होतं. तरी तिला वाटलं, आत कुणीतरी जागं झालंय. चेंडू तळहातात घामेजला. तिने तो दाबला नाही. बाहेर आल्यावर बाईंनी काचेपलीकडून विचारलं, “बघायचंय का? झकास आलंय.” ‘झकास’ म्हणजे चित्र झकास, हे तिला कळत होतं. “आता नको,” ती म्हणाली, आणि मॉनिटरकडे पाठ करून बुटांच्या नाड्या बांधत बसली.

सकाळी खोली भरली तेव्हा तीच म्हणाली, “सर, काल नवीन यंत्रावर काढलेलं लावा. मी सांगते.” लंबूने तिच्याकडे पाहिलं. त्याला एकट्याला ठाऊक होतं ते कुणाचं पोट आहे, आणि या वेळी त्याने पाय दाबला नाही. चित्र उघडलं. पहिली चकती, फुफ्फुसांचे तळ, हृदयाचं टोक. मग तिने सुरुवात केली. फुफ्फुसांचे तळ स्वच्छ. यकृत, आकार योग्य, कड गुळगुळीत, आत सगळीकडे एकसारखं. पित्ताशय पांढरंशुभ्र, भिंत पातळ, खडे नाहीत. हे माझं यकृत, तिच्या मनात आलं. कधी एका शब्दाने कुरकुरलं नाही. एकतीस वर्षं हे सगळं इथे मुकाट्याने काम करत होतं, आणि आपण घरच्या एकाच कोपऱ्याकडे बघत बसलो. प्लीहा. ती सरकवता सरकवता थांबली. प्लीहा चांगली ऐसपैस होती, अर्धचंद्रासारखी, खालचं टोक आत वळलेलं. “प्लीहा,” ती म्हणाली, “आकार नेहमीच्या मर्यादेत, पण मोठ्यापैकी. खाली टेकलेली.” खोलीत कुणाला त्यात काही वाटलं नाही. तिला मात्र त्या टेकण्यातून पुढचं दिसायला लागलं होतं, आणि दिसू नये असंही वाटत होतं. पुढची चकती. त्याच्या पुढची. डावं मूत्रपिंड वरच्या टोकाने उगवलं. ओलांडून उजवीकडे जाता आलं असतं, बोटाला ती वाट पाठ होती. सर मागेच उभे होते. ती गेली नाही. “डावं मूत्रपिंड,” ती म्हणाली आणि सरकवत खाली आली, आणि तो आला.

होताच तो. बाहेरच्या कडेला, मध्यावर, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी हात थांबवला होता नेमका तिथे. लहानसा, गोलसर. एवढुसा. तिने आयुष्यभर त्याला केवढा केला होता. “बाहेरच्या कडेला उंचवटा आहे,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज स्थिर होता, स्वतःलाच नवल वाटावं इतका. “बाहेरचा थर त्याच्यावरून सलग जातो. कुठेही तुटलेला नाही. आतली रचना त्याच्यात तशीच शिरलेली दिसते.” तिने दुसऱ्या पद्धतीचं चित्र लावलं, चरबी वजा केलेलं. “बाकीच्या मूत्रपिंडाइतकाच उजळ.” तिसरं लावलं, पाण्याच्या हालचालीवरून काढलेलं, ज्यात गाठ असती तर वेगळी उठून दिसली असती. तिने ते दोनदा बघितलं, वरून खाली आणि खालून वर. “इथेही तसाच. वेगळा नाही. कुणाला ढकलत नाही. वर टेकलेल्या प्लीहेमुळे आलेला.” मग स्वादुपिंड, उजवं मूत्रपिंड, मग आतडी, गर्भाशय, मूत्राशय, मणके, एकही न गाळता, एकेकाला नावाने हाक मारून, कुणाची फसवाफसवी न करता ती शेवटच्या चकतीपर्यंत गेली. आणि मग, सगळं सांगून झाल्यावरच, ती म्हणाली, “नॉर्मल.”

“आज फार वेळ घेतलास,” नॉर्मलबुवा म्हणाले, “पण असं वाचतात. ऐकलंत का रे?” “सर,” ती म्हणाली, “ते माझं आहे.” सरांना खोलीत कधी कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले, आणि पहिल्या चकतीपासून शेवटच्यापर्यंत स्वतः बघून आले. डाव्या मूत्रपिंडाशी ते बराच वेळ थांबले. परवाची ‘गाठ’ त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी हळूच विचारलं, “किती वर्षं?” “दहा वर्षांची होते तेव्हापासून.” ते मान हलवत राहिले. “सुरेख आहे,” ते शेवटी म्हणाले. “इतका नमुनेदार माझ्या संग्रहात नाही. शिकवायला ठेवू का?” “ठेवा,” ती म्हणाली, आणि तिच्या छातीत असा काही आनंद उसळला की तिला उठून खोलीबाहेर जावं लागलं. जिन्यात भिंतीला टेकून ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. वर जाणाऱ्या कुणा माणसाने विचारलं, बरं नाही का, तर म्हणाली, “छे, बरी आहे. अगदी बरी आहे.” हे वाक्य किती गोड लागतं तोंडाला.

आईला सांगायचं मात्र तिला दिवसभर दडपण होतं. ज्या पहाऱ्यावर एका बाईने उमेदीची वर्षं खर्च केली तो पहारा रिकाम्या जागेवर होता, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? आई रडेल, चिडेल, त्या डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धारेल, सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. आई कामावरून आली, पायमोजे काढत खुर्चीत बसली, आणि रोजचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, “आई, गाठ नाहीये. कधीच नव्हती.” आणि सगळं सांगितलं, प्लीहा कशी टेकते, उंचवटा कसा येतो. आईच्या पाठीवर बोटाने काढून दाखवलं. आई पायमोजा हातात धरून ऐकत होती. “पण ते डॉक्टर म्हणाले होते, लक्ष ठेवा.” “त्यांना कळलं नव्हतं.” “आणि तुला कळतं?” “हो,” ती म्हणाली. “मला कळतं. मी स्वतः वाचलंय.”

आईने हातातल्या पायमोज्याची घडी घातली. मग म्हणाली, “म्हणजे तू म्हातारी होणार.”

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “काय?” “म्हातारी गं. मी तुला कधी तशी धरलीच नव्हती. रात्री विचार करत बसायचे ना, तर तिशीच्या पुढे मला तू दिसायचीच नाहीस. लाख प्रयत्न करायचे. पुढे नुसतं कोरं.” आईने पायमोजा बाजूला ठेवला, तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि निरखून बघू लागली, खिडकीवर आलेल्या सामानाची खूण पटवताना बघते तशी. “केस लवकर पिकणार तुझे,” ती म्हणाली. “बापाच्या वळणावर आहेत. गुडघे माझे घेतलेस, ते साठीत कुरकुरणार. हे गाल इथे दोन्ही बाजूंना लोंबणार.” “लोंबू दे.” “चष्मा तर जाड भिंगाचा. आणि डोक्यावर ठेवून घरभर शोधत फिरशील.” आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याची तिला शुद्ध नव्हती. तिचं सगळं लक्ष समोर उभ्या राहत चाललेल्या त्या म्हातारीकडे होतं. “आणि खाष्ट होणार तू. मला आत्ताच दिसतंय. कुणाचं काही ऐकायची नाहीस, महाखाष्ट.”

“होईन,” ती आईच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसत म्हणाली. “अजून सांग.”